एकवचन-अनेकवचनाच्या याद्या पाठ करून घेणं आता थांबवूया

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की पेपरात पोरांच्या इंग्रजीवर पत्रं यायला लागतात, कुणी शिक्षकांना बोलतं, कुणी मोबाईलला, कुणी सेमी इंग्लिशला, आणि सगळ्यांचा रोख काळ, स्पेलिंग नाहीतर बोलता न येण्यावर असतो. मला आज एका बारक्या वाटणाऱ्या गोष्टीवर लिहायचंय, ती म्हणजे एकवचन आणि अनेकवचन. मी सांगलीत विश्रामबागला घरीच पाचवी ते दहावीच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते, बरीच वर्षं झाली, मुलं माधवनगर, बुधगाव, कुपवाड, अगदी कवलापूरवरनं पण येतात, जवळपास सगळी मराठी नाहीतर सेमीची. आणि वह्या तपासताना माझं लाल पेन सगळ्यात जास्त ह्याच एका जागी चालतं. ‘टू बुक’, ‘मेनी बॉय’, ‘वन ऑफ माय फ्रेंड’, ‘माय हेअर्स आर ब्लॅक’, ‘ही गेव्ह मी मेनी अ‍ॅडव्हाइसेस’. नववीतली हुशार मुलं, ज्यांना पॅसिव्ह व्हॉइस झोपेतनं उठवून विचारला तरी सांगता येतो, ती निबंधाच्या पहिल्याच ओळीत ‘आय हॅव टू ब्रदर’ लिहून मोकळी होतात.

आपल्या राज्यात 2000 सालापासनं पहिलीपासूनच इंग्रजी आहे, म्हणजे नववीतल्या पोराचं इंग्रजीचं हे नववं वर्ष. त्याला मॅन-मेन, माउस-माइस, ऑक्स-ऑक्सन, नाइफ-नाइव्ह्ज सगळं तोंडपाठ असतं, विचारा आणि घडाघडा म्हणून दाखवेल. आणि तोच मुलगा वाक्य लिहायला बसला की ‘थ्री नाइफ’ लिहितो. हे असं का होतं ह्याचा मी खूप विचार केलाय आणि माझं ठाम मत झालंय की आपण मुलांना अनेकवचन शिकवतच नाही, आपण फक्त याद्या पाठ करून घेतो. गाईडमध्ये दोन रकाने, डावीकडं एकवचन उजवीकडं अनेकवचन, भिंतीवरच्या चार्टवर पण तेच, क्लासमध्ये रोज दहा शब्द. त्याचं कारण पण उघड आहे, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला दुसऱ्या पेपरात तृतीय भाषा म्हणून इंग्रजी असते, तिथं चार पर्याय नि गोल रंगवायचा, आणि पाठांतर तिथं मार्क देऊन जातं. पण वाक्य लिहायला बसल्यावर समोर चार पर्याय नसतात, तिथं मुलाला स्वतःच ठरवायला लागतं की ही वस्तू मोजायची की नाही, मोजली तर एक की जास्त, आणि मग क्रियापदाचं काय. ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि मला वाईट ह्याचं वाटतं की त्यातलं निम्म्याहून जास्त त्या मुलाला आधीच येत असतं. मराठीतनं. मराठीचं अनेकवचन काय सोपं आहे का? मुलगा-मुलगे, नदी-नद्या, वीट-विटा, भिंत-भिंती, घर-घरं, पोतं-पोती, शाळा-शाळाच. लिंग बघायचं, शेवटचा स्वर बघायचा, आणि तरी वीट आणि भिंत दोन्ही स्त्रीलिंगी असून एकीचं विटा नि दुसरीचं भिंती. शाळेत यायच्या आधीच पोरगं हे सगळं न चुकता बोलतं. इंग्रजीतनं आलेल्या शब्दांना पण आपण आपलीच अनेकवचनं लावतो की, बँका, सायकली, बॅगा, फायली, टेबलं, पेनं, हे कुठल्या बाईंनी शिकवलं मुलांना? कुणीच नाही.

मी वर्गात एक खेळ घेते. फळ्यावर एक वेडंवाकडं चित्र काढते नि सांगते हा टुमका, शेजारी तसंच अजून एक काढते, आता हे दोन काय? सगळा वर्ग ओरडतो, टुमके! मग ही झिंपळी, ह्या दोन? झिंपळ्या! हे गबडं, ही दोन? गबडी! असे शब्द मराठीत कुठंच नाहीत, कुठल्या यादीत नाहीत, तरी पाचवीतली सगळ्यात लाजरी मुलगी पण चुकत नाही. ह्याच पद्धतीचा प्रयोग जीन बर्को नावाच्या बाईंनी अमेरिकेत केला होता, 1958 साली तो छापून आला. त्यांनी साधारण चार ते सात वर्षांच्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून हा ‘वग’ असं सांगितलं, मग दोन दाखवले, आणि पोरांनी आपोआप ‘वग्ज’ म्हटलं. म्हणजे मूल शब्द साठवून ठेवत नाही, नियम पकडतं. आणि त्यांनी वग्जच म्हटलं बघा, वग्स नाही, कारण इंग्रजीत तो शेवटचा एस कॅट्समध्ये स होतो, डॉग्जमध्ये दाताखालच्या ज सारखा होतो आणि बसेसमध्ये त्याच्याआधी अजून एक स्वर येतो. आपल्याकडं सगळीकडं स म्हणतात, ते तेवढं चालून जाईल, लिहिताना एस यायला पाहिजे हे महत्त्वाचं.

मग तो एस येत का नाही? ह्याचं उत्तर पण मराठीतच आहे. एक बैल, दोन बैल. एक हात, दोन हात. एक दगड, शंभर दगड. आ-कारान्त नसलेले पुल्लिंगी शब्द आपल्याकडं अनेकवचनात बदलत नाहीत. मग एक का अनेक ते कळतं कशावरनं, तर क्रियापदावरनं. बैल आला, बैल आले. शब्द तसाच राहिला तरी चालतो कारण काम क्रियापद करतं. इंग्रजीत उलटं आहे, ‘द बुलक केम’ आणि ‘द बुलक्स केम’, भूतकाळात क्रियापद हलतच नाही, त्यामुळं सगळा भार त्या एकट्या एसवर येतो, तो गळला की वाचणाऱ्याला कळायला मार्गच नाही की बैल एक आला का जोडी आली. हे एवढं पोराला समजावून सांगितलं ना, की बाबा तुझ्या मराठीत बैल शब्द गप्प बसला तरी आला-आले बोलतं, इथं बोलणारं दुसरं कुणी नाही, तर तो एस विसरणं कमी होतं, हा माझा अनुभव आहे. शंभर शब्द पाठ करून जे होत नाही ते ह्या एका गोष्टीनं होतं.

ह्याच्याच पुढची अडचण म्हणजे वर्तमानकाळात क्रियापदाला पण एस लागतो आणि तो नेमका एकवचनाला लागतो. ‘द बुलक रन्स’, ‘द बुलक्स रन’. नामाला एस म्हणजे अनेक, क्रियापदाला एस म्हणजे एक. मुलांच्या डोक्याचा गोंधळ इथं होतो आणि तो होणारच, त्यात नवल नाही. कोण दोन्हीकडं एस लावतो, कोण कुठंच लावत नाही. मी सांगते की साध्या वाक्यात एस बहुतेक एकाच जागी बसतो, नामावर बसला तर क्रियापदावर नाही, क्रियापदावर बसला तर नामावर नाही. आय, यू, वुई ला हे लागू नाही आणि चिल्ड्रन, मेन असल्या शब्दांना एस नसतोच, ते वेगळं सांगायला लागतं, पण सुरुवातीला हात धरायला एवढं पुरतं.

अजून एक खास आपली चूक म्हणजे ‘माय फादर आर अ फार्मर’. ही चूक बघून कुणी पोराला ढ म्हणत असेल तर तो त्या पोरावर अन्याय आहे. माझे वडील शेतकरी आहेत, आमचे सर आले, आजोबा झोपलेत, आपण मोठ्या माणसाला आदरानं अनेकवचन देतो, वडिलांना ‘इज’ म्हणणं त्या पोराला उद्धटपणाचं वाटतं. एका मुलीनं मला सरळ विचारलं पण होतं, बाई आजोबांना इज कसं म्हणायचं? तिला सांगायला लागतं की इंग्रजीत आदर दुसरीकडनं दाखवतात, इथं फक्त डोकी मोजायची.

आता मोजता येणाऱ्या नि न येणाऱ्या नामांकडं येते, कारण खरी पडझड तिथं आहे. काउंटेबल-अनकाउंटेबल म्हटलं की मुलं दचकतात. माझ्याकडं एक मुलगा होता, त्याचे वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. त्यानं वहीत लिहिलं ‘माय फादर लिफ्टेड टू टर्मरिक्स’. मी त्याला विचारलं, अरे यार्डात दोन हळदी आल्या असं म्हणतात का? तो हसायलाच लागला, हळदी कुठं बाई, दोन पोती हळद. मग इंग्रजीत? थांबला, आणि त्याचा तोच म्हणाला, टू बॅग्ज ऑफ टर्मरिक. बास. पोतं मोजायचं, हळद नाही. अनेकवचन पोत्याला, हळदीला नाही. त्या दिवशी मी त्याला पुढं सांगितलं की फर्निचर, इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस, लगेज ही सगळी हळदीसारखी आहेत, मोजायची असली तर पोतं शोधायला लागेल, ते पोतं म्हणजे ‘पीस’. अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस, टू पीसेस ऑफ फर्निचर. त्याच्या बाकावरची तीन-चार पोरं पण लगेच पोती शोधायला लागली, अ ग्लास ऑफ मिल्क, अ किलो ऑफ शुगर, अ लोफ ऑफ ब्रेड. आपल्या जिल्ह्यातल्या पोराला हे शिकवायला पुण्या-मुंबईचं पुस्तक कशाला पाहिजे, हळदीचे सौदे त्याच्या घराशेजारी निघतात.

अशा जुळणाऱ्या जागा भरपूर आहेत. पाच हजार म्हणतो आपण, पण हजारो लोक म्हणतो, अगदी तसंच ‘फाइव्ह थाउजंड’ पण ‘थाउजंड्ज ऑफ पीपल’. दोन डझन केळी, ‘टू डझन बनानाज’. माझ्या मित्रांपैकी एक, इथं आपण मित्रां असं अनेकवचनच घेतो की नाही, मग ‘वन ऑफ माय फ्रेंड्ज’ ला अडायचं कारणच नाही, आणि तो एकच राहतो म्हणून ‘लिव्ह्ज’. प्रत्येक मुलगा आला, एकवचन, ‘एव्हरी बॉय’ पण एकवचन. गणित सोपं आहे, तसंच ‘मॅथेमॅटिक्स इज ईझी’, शेवटच्या एसकडं बघायचं नाही, अर्थाकडं बघायचं. गुरं आपल्याकडं कायम अनेकवचनी, ‘कॅटल आर’ पण तसंच. वर्णमाला एक नि वर्ण अनेक, तर अल्फाबेट पण एकच आणि लेटर्स 26, ते ‘26 अल्फाबेट्स’ मोठी माणसंसुद्धा सर्रास म्हणतात, ते थांबायला पाहिजे. ह्या सगळ्यावर वर्गात फार वेळ घालवायची गरज नाही, एकदा दाखवलं की झालं.

वेळ घालवायचा तो जिथं मराठी नि इंग्रजीच्या वाटा फुटतात तिथं, आणि नेमका तिथंच आपण घालवत नाही. केस बघा, माझे केस काळे आहेत, आपल्याला केस अनेक, इंग्रजीत डोक्यावरचं सगळं मिळून ‘हेअर’, आणि ते ‘इज’. पण आमटीत दोन केस सापडले तर तिथं ‘टू हेअर्स’ बरोबर, कारण तिथं खरंच एक एक मोजलाय. पैसे मिळाले, आपल्याकडं अनेकवचन, ‘मनी’ मात्र एकवचनात. गहू निवडून ठेवलेत, तांदूळ धुतले, आपल्या बायका अनेकवचन बोलतात, ‘व्हीट’ आणि ‘राइस’ मात्र हळदीच्या रांगेत. आणि बेदाणा बरोब्बर उलटा! तासगावात कुणीही म्हणेल यंदा बेदाणा चांगला निघाला, एकवचनात, टनावारी असला तरी. इंग्रजीत तो ‘रेझिन्स’, अनेकवचन, एक एक मणी मोजल्यासारखा. बातम्या, सल्ले आपण मोजतो, ‘न्यूज’ आणि ‘अ‍ॅडव्हाइस’ मोजत नाहीत, म्हणून मुलं ‘अ गुड न्यूज’ लिहितात, त्यात मराठीतली एक चांगली बातमी जशीच्या तशी उतरलेली असते. कात्री एक, चष्मा एक, पॅंट एक, इंग्रजीत तिन्ही अनेकवचनी कारण दोन पाती, दोन काचा, दोन पाय. ‘व्हेअर आर द सिझर्स’ हे आपल्या कानाला चुकीचंच वाटतं.

दोन जागा तर अशा आहेत की त्या मी कुठल्या गाईडात नीट सांगितलेल्या बघितल्या नाहीत. एक, पाच वर्षांचा मुलगा. आपण वर्षांचा म्हणतो, अनुस्वार देऊन, अनेकवचन. इंग्रजीत नामाच्या आधी विशेषण म्हणून आलं की ते एकवचन होतं, ‘अ फाइव्ह-इअर-ओल्ड बॉय’, ‘अ टेन-रुपी नोट’, एस नाही. पण ‘द बॉय इज फाइव्ह इअर्स ओल्ड’ मध्ये एस आहे. दोन, दीड तास. दीड तास लागला म्हणतो आपण, लागले नाही, आपल्याला दोनच्या आतलं सगळं एकच वाटतं. इंग्रजीत एकाच्या वर गेलं की अनेकवचन, ‘वन अँड अ हाफ अवर्स’. मिरजेहून येणारी मुलं ट्रॅफिकची तक्रार करताना इंग्रजी बोलायला लागली की हमखास इथं अडकतात.

बेशिस्त शब्दांबद्दल, म्हणजे ज्यांच्या याद्या पाठ करून घेतात त्यांच्याबद्दल, थोडंच लिहिते. ते पाठ करायला लागतातच, त्याला इलाज नाही, पण ते आले कुठनं हे सांगितलं तर पोरं आवडीनं ऐकतात. जुन्या इंग्रजीत अनेकवचनं बऱ्याच प्रकारांनी व्हायची, एन लावायची एक पद्धत होती, त्यातला ऑक्सन शिल्लक राहिला. चिल्ड्रनची गंमत अशी की आधीच ‘चिल्डर’ असं अनेकवचन होतं आणि त्याच्यावर लोकांनी परत एन चढवला, म्हणजे चिल्ड्रनमध्ये दोन अनेकवचनं एकावर एक बसलेली आहेत. हे सांगितल्यावर ‘चिल्ड्रन्स आर प्लेइंग’ लिहिणारं पोरगं स्वतःच म्हणतं, मग मी तिसरं लावलं की. फूट-फीट, टूथ-टीथ, गूज-गीज ह्यात पूर्वी मागं एक प्रत्यय होता, त्यानं आतला स्वर बदलला नि तो स्वतः गळून पडला. एवढं पुरे.

आता तक्रार. आमच्या शेजारच्या मुलीचा सातवीतला चाचणीचा पेपर परवा माझ्याकडं आला. ‘मँगो’चं अनेकवचन तिनं शेवटी ई न घालता नुसता एस लावून लिहिलं होतं, त्यावर मोठी लाल फुली आणि मार्क शून्य, वर शेरा ‘पाठांतर नाही’. संपादक साहेब, ई घालून आणि न घालता दोन्ही स्पेलिंग शब्दकोशात बरोबर म्हणून दिलेली आहेत. पोटॅटो, टोमॅटोला ई लागतो, फोटो, पियानोला लागत नाही, आणि मँगोला दोन्ही चालतं. तशीच गत ‘फिशेस’ची, एरवी अनेकवचन फिशच, पण माशांच्या वेगवेगळ्या जाती म्हणायचं असेल तर फिशेस बरोबर आहे. रूफला रूफ्स, हूफला दोन्ही. पेपर तपासणाऱ्यानं गाईडच्या रकान्यात बघून फुली मारायची आणि मुलीनं बरोबर उत्तर खोडून परत लिहायचं, हे काय शिक्षण झालं का. ती मुलगी शब्दकोश घेऊन शाळेत जायला तयार नाही, सर रागावतील म्हणते. मी शाळेचं नाव लिहीत नाही, कारण ही एका शाळेची गोष्ट नाही, यादीवर विश्वास आणि शब्दकोशावर नाही हे सगळीकडं चाललंय. निदान पेपर तपासायला बसताना टेबलावर एक चांगला शब्दकोश ठेवावा एवढी माझी शिक्षकांना हात जोडून विनंती आहे.

क्लासवाल्या माझ्या बांधवांना पण सांगायचंय, रोजचे दहा शब्द बंद करा असं मी म्हणत नाही, दोन करा, आणि उरलेल्या वेळात मुलांना स्वतःच्या घरातल्या वस्तूंची वाक्यं लिहायला लावा. डब्यातलं पीठ, रांजणातलं पाणी, दावणीची गुरं, वाळत घातलेला बेदाणा, आजीचा चष्मा. कुठलं मोजता येतं, कुठलं नाही, मराठीत काय म्हणतो, इंग्रजीत काय होतं. आईवडिलांना इंग्रजी येत नसलं तरी ह्यात ते भाग घेऊ शकतात, मराठीची बाजू त्यांनी सांगायची. बऱ्याच पालकांना वाटतं की मुलांचं इंग्रजी सुधारायचं तर घरात मराठी कमी बोलायला पाहिजे, त्यांना मला कळकळीनं सांगायचंय की असं करू नका, ज्या मुलाची मराठी भरीव आहे त्याला हे सगळं मी एका आठवड्यात समजावून देऊ शकते, ज्याची दोन्हीकडनं अर्धी आहे त्याला समजावताना मलाच आधार सापडत नाही.

आणि आपल्याला एक विनंती. आपल्या पेपरात विद्यार्थ्यांसाठी थोडी जागा काढता आली तर आठवड्यातनं एकदा एक छोटी चौकट द्या, एकाच शब्दाची, मराठीत कसं नि इंग्रजीत कसं, फक्त वाटा फुटतात तेवढेच शब्द, यादी नको. गव्हापासनं दीड तासापर्यंतची उदाहरणं मी वहीत उतरवून ठेवलेली आहेत, मुलांच्या खऱ्या वाक्यांसकट, आपण कळवलंत तर लगेच पाठवून देईन, त्याचं मानधन वगैरे काही नको.

आपली,
इंग्रजीच्या शिकवण्या घेणारी एक वाचक
विश्रामबाग, सांगली